दुष्काळ ठरतो तो धरण भरलेल्या वर्षी

भीमेवरचे उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे शून्य टक्क्यांखाली, गेले की सोलापुरात दरवेळी तोच वाद उभा राहतो. एका बाजूचे म्हणणे, वरच्या अंगाला पुणे जिल्ह्याने पाणी अडवले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, उसाने सगळे पाणी पिऊन टाकले. मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, कालव्याच्या दारांवर बंदोबस्त लागतो. मग जुलै-ऑगस्टमध्ये दौंडहून धरणात येणारा विसर्ग वाढतो, धरण शंभर टक्क्यांवर जाते आणि पुढच्या मायनसपर्यंत वाद तिथेच थांबतो. पाणी कोणी नेले याची चर्चा एवढ्या जोरात चालते की ते वाटले गेले कधी, हे कोणी विचारतच नाही. या लेखातले म्हणणे सरळ आहे. सोलापूरचा दुष्काळ पाऊस हुकलेल्या वर्षी ठरत नाही. तो त्याच्या आधीच्या, धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत ठरतो. सरकारच्या दुष्काळ धोरणात या पाच महिन्यांना जागाच नाही.

आधी हिशेब पाहू. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला जिवंत साठा, म्हणजे नेहमीच्या वापराचा, ५३.५७ टीएमसी आणि तळाशी राखलेला मृतसाठा ६३.६६ टीएमसी. टक्केवारी जिवंत साठ्यावर काढतात, म्हणून मृतसाठ्याला हात लागला की आकडा शून्याखाली जातो. जून २०२४ मध्ये धरण मायनस ६० टक्क्यांजवळ पोचले होते. म्हणजे मृतसाठ्यातलेही सुमारे ३२ टीएमसी पाणी संपले होते. त्याआधीच्या, २०२३ च्या पावसाळ्यात धरण जेमतेम साठ-पासष्ट टक्के भरले होते. दोन्ही आकड्यांची बेरीज करा. ज्या वर्षाला आपण भीषण दुष्काळ म्हणतो, त्याच वर्षी बाष्पीभवन धरून साठ टीएमसीहून अधिक पाणी उजनीतून गेले. धरण पूर्ण भरले असते तर जेवढा जिवंत साठा मिळाला असता, त्याहून हे जास्त आहे. मग त्या उन्हाळ्यात पाणी नव्हते असे म्हणायचे, की पाणी आधीच कोणाच्या तरी नावावर चढले होते असे म्हणायचे?

ते कसे चढते, हे उसाच्या हंगामांत दिसते. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तोडीला सोळा-अठरा महिने लागतात. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागते, सुरू हंगामाची लागण डिसेंबर ते फेब्रुवारीत. यातला कोणताही ऊस ज्या पावसाळ्याच्या पाण्यावर लावला जातो, तेवढ्यावर तो निघत नाही. त्याला पुढचाही पावसाळा लागतो. २०२२ मध्ये उजनी शंभर टक्के भरले. त्या भरवशावर ऑक्टोबरपासून लागणी झाल्या. त्या उसाची ऐन वाढीची तहान आली ती २०२३ च्या ऑगस्टमध्ये, आणि १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तोच होता. उभे पीक जळताना पाहून कोणताही लोकप्रतिनिधी आवर्तन (कालव्यातून ठरावीक काळाने सोडायचे पाणी) रोखू शकत नाही, आणि रोखावे अशी अपेक्षाही क्रूर आहे. म्हणजे निर्णय घ्यायची खरी वेळ दहा महिने आधीच निघून गेलेली असते. भरल्या धरणाच्या वर्षी केलेली लागण ही पुढच्या वर्षीच्या पाण्यावर काढलेली उचल असते. पुढचे वर्ष कसे जाईल हे माहीत नसताना ती मंजूर होते, आणि तिच्यावर कोणाची सही नसते.

पुढचे वर्ष कसे जाईल याचा अंदाजच नसतो असेही नाही. भीमा ज्या कृष्णा खोऱ्यात येते, त्या खोऱ्यातले पाणी बच्छावत लवादाने राज्यांत वाटले ते ७५ टक्के विश्वासार्हतेच्या हिशेबाने. याचा साधा अर्थ, चार वर्षांतल्या एका वर्षी ठरल्यापेक्षा कमी पाणी येणार, हे गृहीत धरूनच नियोजन व्हायला हवे. जे चारांत एकदा घडणार हे कागदावर मान्य आहे, त्याला दरवेळी नैसर्गिक आपत्ती म्हणून कसे चालेल?

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या जिल्ह्यात लहान मुलालाही माहीत आहे. बहामनी अमलातल्या दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. ती करुणा आजही डोळ्यांत पाणी आणते. पण १८७६-७८ च्या महादुष्काळानंतर दुष्काळ आयोग नेमला गेला, त्याच्या १८८० च्या अहवालातून दुष्काळ संहिता आल्या, आणि त्यांचाही गाभा तोच राहिला: पीक बुडाल्यावर माणसे जगवायची कशी. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली. महाराष्ट्राने देशाला दिलेली ती मोठी देणगी आहे. त्या कामांतून झालेले पाझर तलाव आणि नालाबांध आजही कामी येतात. तरीही हे सगळे दुष्काळ पडल्यानंतरचे आहे. आजचा टंचाई आराखडाही त्याच चाकोरीत चालतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे तीन टप्पे. त्यांत विहीर अधिग्रहण, विंधन विहिरी, नळयोजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरत्या पूरक योजना, बुडक्या (नदीपात्रातले पाण्याचे खड्डे) घेणे, गाळ काढणे आणि शेवटी टँकर. ग्रामपंचायतीचा ठराव, गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांची संयुक्त पाहणी, प्रांतांची मंजुरी, मग माणशी वीस लिटरच्या हिशेबाने खेपा. यातली एकही ओळ गाळावी असे मी म्हणणार नाही. पण पिण्याच्या पाण्याचा स्रोत ज्या उपशामुळे आटतो, त्या उपशाबद्दल या आराखड्यात एक शब्द नाही.

दुष्काळ जाहीर करण्याच्या पद्धतीत हेच दुखणे आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार आधी पावसाची तूट आणि खंड पाहतात, मग पेरणी, उपग्रहावरून दिसणारी वनस्पतींची स्थिती, जमिनीतला ओलावा, धरण आणि भूजलाची पातळी, आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पीकपाहणी. जुन्या नजरअंदाजापेक्षा ही पद्धत नक्कीच शिस्तीची आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ ला तिच्या आधारे राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत सोलापूर जिल्ह्यातले बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा हे पाच तालुके होते. उरलेल्या तालुक्यांत ओरड झाली आणि दहाच दिवसांत सरकारने राज्यातल्या १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली. दहा दिवसांत आभाळ बदलले नव्हते. मोजण्याचे एकक तालुक्यावरून मंडळावर आले, एवढेच. एकाच तालुक्यात कालव्याखालचा हिरवा पट्टा आणि माळावरची जळालेली बाजरी असेल तर सरासरी दोघांपैकी कोणाचेच खरे सांगत नाही. उपग्रहाला उसाचा हिरवेपणा दिसतो, त्या उसाखालची विहीर किती खोल गेली हे दिसत नाही. शिवाय सोलापूर हा मुळात रब्बीचा जिल्हा. इथली मुख्य पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. खरिपाच्या निकषावर ऑक्टोबरअखेर निर्णय होतो तेव्हा मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी नुकती उगवत असते. जाहीर झाल्यावर मिळते काय? जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी. हे सगळे द्यायलाच हवे. पण त्यातल्या वीजबिलाच्या सवलतीकडे नीट पाहा. भूजल सर्वांत खाली असते त्याच वर्षी ते उपसणे आपण स्वस्त करतो, आणि जिरायतदाराला, ज्याच्याकडे पंपच नाही, त्यातून काहीच मिळत नाही.

आता उसाच्या बाजूने जे म्हटले जाते त्यातले बळकट मुद्दे मान्य करायला हवेत. शेतकऱ्याला ऊस आवडतो तो आळसापोटी, हा शहरी समज खोटा आहे. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर, आहे; १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. कारखाने ते अनेकदा पाळत नाहीत, थकबाकीसाठी आंदोलने करावी लागतात, हे खरे. तरीही तुरीला, हरभऱ्याला किंवा ज्वारीला यातले काहीच नाही. हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र उशिरा उघडते आणि बारदान संपले म्हणून बंद होते. गारपीट, अवकाळी, डाळिंबावरचा तेल्या या सगळ्यांत ऊस टिकतो. जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, राज्यात सर्वाधिक. ऊस न्यायला माणूस बांधावर येतो. दीड एकरवाल्याने अशा पिकाची निवड करणे हा शहाणपणाच आहे. त्याला खलनायक ठरवणारी भाषा अन्यायाची आहे, आणि शेतकऱ्याला तोडून कोणतेही पाणीधोरण टिकणार नाही.

पण प्रत्येकाचा शहाणपणा मिळून जिल्ह्याचे दिवाळे निघत असेल, तर नियम करणे हे सरकारचेच काम ठरते. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी लागते. सोलापूरचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला पिकाला उपयोगी पडणारा चारशे धरू. उरलेले सोळाशे मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी सोळा हजार घनमीटर, कालव्यातून, नदीतून किंवा जमिनीखालून यावे लागते. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. एक लाख हेक्टर उसाला या हिशेबाने साडेछप्पन टीएमसी लागतात, उजनीच्या पूर्ण जिवंत साठ्यापेक्षा जास्त. आणि जिल्ह्यातला ऊस एक लाख हेक्टरच्या बराच पुढे गेलेला आहे. हीच तुलना दुसऱ्या बाजूने करू. रब्बी ज्वारी पोटरीत असताना एक संरक्षित पाणी द्यायला हेक्टरी सुमारे साडेसातशे घनमीटर पुरतात. एका हेक्टर उसाच्या पाण्यात वीस हेक्टरहून अधिक ज्वारीला ते एक पाणी मिळू शकते. हेक्टरी उत्पन्नात ऊस पुढे आहे, यात वाद नाही. पण सोलापुरात जमीन मुबलक आहे, तुटवडा पाण्याचा आहे. मग उत्पन्न हेक्टरमागे का मोजायचे, घनमीटरमागे का नाही?

उसावर मर्यादा हा काही कोणी पुण्या-मुंबईत बसून काढलेला नवा विचार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. एका ब्लॉकमधल्या क्षेत्रापैकी एक तृतीयांशावर ऊस, बाकीच्यावर खरीप-रब्बीची भुसार पिके, आणि हा फेर फिरता. त्यामागे दोन कारणे होती: अति पाण्याने जमिनी पाणथळ आणि खारवट होत होत्या, आणि कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नव्हते. माळशिरसच्या नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्याला हा इतिहास नवा नाही. १९८७ मध्ये राज्याने आठमाही, म्हणजे उन्हाळा सोडून आठ महिन्यांच्या, सिंचनाचे धोरण स्वीकारले. १९९९ च्या चितळे आयोगाने तुटीच्या खोऱ्यांतल्या उसाबद्दल स्पष्ट इशारा दिला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात बारमाही पिकांना ठिबकशिवाय कालव्याचे पाणी न देण्याची तरतूद आली. नियम सव्वाशे वर्षांपासून आहेत. धरण भरलेल्या वर्षी ते लागू करायचे धैर्य तेवढे कमी पडत आले.

इथे ठिबकवाले म्हणतील, बंदी-मर्यादा कशाला, सगळा ऊस ठिबकवर आणा. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला, स्वस्त कर्जही देऊ केले. तो जमिनीवर का उतरला नाही? ठिबकला रोज किंवा एक दिवसाआड थोडे थोडे पाणी लागते. कालव्याचे आवर्तन येते महिना-दीड महिन्याने, तेही एकदम. मधल्या काळासाठी विहीर किंवा शेततळे नसेल तर नळ्या रानात नुसत्या पडून राहतात. वीज रात्रीच्या पाळीला आली की दाब पाहायला, फिल्टर धुवायला कोणी नसते. पाण्यात क्षार असल्याने ड्रिपर बंद पडतात, आम्ल प्रक्रिया वेळेवर होत नाही, आणि पाचटात उंदीर नळ्या कुरतडतात. दुसऱ्या-तिसऱ्या खोडव्याला (तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला) अर्धी रांग कोरडी आणि अर्धी भिजलेली असे चित्र दिसते. हे सगळे सुधारता येईल आणि सुधारावे. मूळ अडचण वेगळी आहे. ठिबकने एकरी चाळीस टक्के पाणी वाचले तर शेतकरी त्या पाण्यात शेजारचे दुसरे रान भिजवतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. क्षेत्रावर मर्यादा नसेल तर ठिबकने ऊस वाढतो, धरणात पाणी शिल्लक राहत नाही.

पुण्याचा मुद्दा यापेक्षा जड आहे. भीमेच्या वरच्या खोऱ्यात धरणांची माळ आहे, पुणे शहर मंजूर कोट्याहून जास्त पाणी उचलते आणि मुळा-मुठेतून मैला खाली सोडते. उजनीवर पसरणारी जलपर्णी त्याची साक्ष आहे. २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी देण्याच्या निर्णयाविरुद्ध सोलापूर पेटले ते उगाच नाही, आणि तो निर्णय रद्द करावा लागला हेही योग्यच झाले. सोलापूरचा या पाण्यावर हक्क आहे, आणि तो मागण्याचा कायदेशीर रस्ताही आहे. त्याच २००५ च्या कायद्यात खोऱ्यातल्या धरणांत तुटीच्या वर्षी ऑक्टोबरअखेर समन्यायी वाटप व्हावे अशी तरतूद आहे. गोदावरी खोऱ्यात तिच्याच बळावर नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावे लागले. भीमा खोऱ्यासाठी असाच आग्रह धरायला हवा. पण मराठवाड्याने ते मिळवले ते तुटीचा आकडा मांडून. प्राधिकरणासमोर उभे राहिल्यावर पहिला प्रश्न येईल: तुमचे पाणी कुठे, किती, कोणत्या पिकाला गेले? त्याचे उत्तर आज सोलापूरकडे नाही. बॅकवॉटरच्या दोन्ही काठांवर, करमाळा, इंदापूर, कर्जतकडे, पाणी मागे सरकेल तसे शेतकरी चाऱ्या खोदत, पाइप आणि केबल वाढवत पात्रात उतरतात. त्या मोटारींच्या उपशाचे मीटर कुठे आहेत?

बाहेरून पाणी आणण्याचेही तसेच. कृष्णा-भीमा स्थिरीकरणाची मागणी जुनी आहे, आणि पुराचे वाहून जाणारे पाणी वळवावे यात गैर काही नाही. अडचण एवढीच की कृष्णेचे आणि भीमेचे उगम एकाच सह्याद्रीवर आहेत. ज्या वर्षी पुण्याच्या घाटमाथ्यावर पाऊस कमी, त्या वर्षी साताऱ्याच्याही कमी. २०२३ मध्ये उजनी भरले नाही आणि कोयनाही पूर्ण भरले नाही. कृष्णेला महापूर येतो त्या वर्षी भीमाही दुथडी वाहते. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेने पंढरपूरला वेढले. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने माढा-मोहोळची पिके मातीसकट नेली. ज्या वर्षी पाणी नको असते त्याच वर्षी ते येणार असेल तर ते दुष्काळावरचे उत्तर कसे? आणि समजा दहा टीएमसी आलेच, तर पहिल्या भरल्या वर्षी त्यावर लागण होणार नाही, याची हमी कोण देईल? उजनीचा स्वतःचा इतिहास पाहता तरी अशी हमी मिळत नाही.

कालव्याबाहेरच्या माळरानावर हाच प्रश्न भूजलाच्या रूपात येतो. इथला खडक काळा पाषाण आणि मांजऱ्या. वर थोडा मुरूम, त्याखाली कातळ. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात, तेही खडकाच्या आकारमानाच्या एक-दोन टक्केच. जलयुक्त शिवारमध्ये नाला खोलीकरण करताना हा थर न पाहता पोकलेन चालवली की दोन गोष्टी होतात. कातळापर्यंत खोदले तर पाणी मुरत नाही, नुसते साठून वाफ होते. मुरूम जास्त काढला तर शेजारच्या विहिरींतले पाणी उलट नाल्यात उतरते. योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढण्यात फारसे यश आले नाही, असे कॅगने २०२० मध्ये नोंदवले. योजना वाईट होती असे त्यातून निघत नाही. ज्या गावांनी माथा ते पायथा नीट कामे केली तिथे फायदा झालाच. पण अडवलेले पाणी कोण किती उपसणार याचा नियम नसल्याने वाढलेले पाणी पहिल्याच वर्षी नव्या बोअरने ओढून घेतले. ‘मागेल त्याला शेततळे’चे तसेच झाले. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. ते ओढ्याच्या वाहत्या पाण्याने भरायचे होते. प्रत्यक्षात पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरून बोअरच्या पाण्याने भरले जाते. उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर काठोकाठ भरलेल्या एका तळ्यातून दिवसाला ७,२०० लिटर पाणी उडून जाते. टँकरच्या निकषाने ते ३६० माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी आपण अनुदान देऊन उन्हात आणून ठेवले.

भूजल कायदा २००९ चा आहे. साठ मीटरपेक्षा खोल विहिरीवर त्यात बंधन आहे. सांगोल्यात, मंगळवेढ्यात पाचशे-सातशे फुटांच्या बोअर रोज पडतात. गावच्या तलाठ्याने कोणाची बोअरची गाडी अडवायची, हा प्रश्न रास्त आहे. धाकाने हे होणार नाही. मात्र गावाने ठरवले तर होते, याचे दाखले आहेत. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरबंदी केली, ऊस-केळी टाळली, आणि दरवर्षी पाऊस मोजून पिके ठरवली. त्याआधी १९७०च्या दशकात पुरंदरला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर असे पाणी वाटले, ऊस वर्ज्य ठेवला आणि भूमिहीनालाही वाटा दिला. अटल भूजल योजनेत सोलापूरच्या गावांतही पाण्याचे अंदाजपत्रक मांडले गेले. ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून झाले. त्याला कायद्याचे बळ नाही, म्हणून ते भिंतीवरच राहिले.

सोलापूर शहराच्या पाण्याची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी नाही, कारण सगळ्या गोंधळाचे ते जवळून दिसणारे रूप आहे. शहराची गरज दिवसाला १८० दशलक्ष लिटर धरली तर वर्षाला सव्वादोन-अडीच टीएमसी होतात. शहराला पाणी देणाऱ्या टाकळीच्या उद्भवासाठी औज आणि चिंचपूरचे बंधारे भरायला उजनीतून भीमेत एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी सोडावे लागतात. दोनशेहून अधिक किलोमीटर नदीपात्रातून ते आठ-दहा दिवसांनी पोचते. वाटेत कोरडी वाळू पाणी पिते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची दारे गळतात, रबरी पट्ट्या गेलेल्या असतात, काही दारे चोरीला गेलेली असतात. पावसाळ्याच्या शेवटी ऑक्टोबरमध्ये दारे वेळेवर बसवली नाहीत तर फुकटचे पाणी वाहून जाते आणि तेच बंधारे पुन्हा धरणातून भरावे लागतात. पाणी सोडल्यावर काठच्या मोटारी थांबवायला वीजपुरवठा तोडावा लागतो. त्यात ज्याचा ऊस नाही त्याचा भाजीचा प्लॉटही जळतो. या नदीवर पंढरपूर, मंगळवेढा, सांगोल्याच्या पिण्याच्या योजना अवलंबून आहेत, म्हणून सगळे पाणी वाया जाते असे म्हणणे चूक ठरेल. पण पिण्याच्या नावाने सुटलेल्या पाण्याचा मोठा भाग पिण्याला पोचत नाही, आणि घरात नळ चार-पाच दिवसांआडच येतो. समांतर जलवाहिनी हा यातला खरा उपाय आहे, तो वर्षानुवर्षे रेंगाळला. आता वाहिनीचे पाणी पूर्ण क्षमतेने येऊ लागल्यावर नदीतले आवर्तन तेवढे कमी होणार की तेवढेच राहणार, हे लेखी ठरलेले कुठे आहे?

मग करायचे काय? नवा कायदा लागत नाही, आहेत ते कायदे ऑक्टोबरमध्ये वापरावे लागतात. दरवर्षी १५ ऑक्टोबरला पाणीसाठ्याचा हिशेब होतो आणि कालवा सल्लागार समिती आवर्तने ठरवते. त्या बैठकीत पहिली वजाबाकी पिण्याच्या पाण्याची व्हावी, तीही जुलैपर्यंतची नको, पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंतची, कारण पाऊस लांबतो हे आता नेहमीचे झाले आहे. दुसरी वजाबाकी बाष्पीभवनाची. तिसरी पुढच्या वर्षासाठीच्या शिल्लकीची: धरण शंभर टक्के भरले असेल त्या वर्षी किमान दहा टीएमसी जिवंत साठा पुढच्या ऑक्टोबरसाठी राखून ठेवायचा आणि तो कोणत्याही आवर्तनात धरायचा नाही. जे उरेल त्यावर बारमाही पिकांचे क्षेत्र जाहीर करायचे, लागणीच्या आधी.

ते क्षेत्र मोजणार कसे, असे विचारले जाईल. मोजलेलेच आहे. प्रत्येक कारखान्याच्या शेतकी विभागाकडे उसाची नोंद असते: शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, लागणीची तारीख, जात, क्षेत्र. तोडीचा क्रम त्यावरच लागतो, म्हणून कारखान्याचा चिटबॉय (ऊस नोंदवणारा कर्मचारी) प्लॉटवर जाऊन ती घेतो. जलसंपदा विभागाच्या मोजणीपेक्षा ही नोंद अचूक असते. गाळप परवाना देताना साखर आयुक्तालयाने ही नोंद पाटबंधारे विभागाला देणे बंधनकारक करावे, आणि तुटीच्या खोऱ्यात गाळप क्षमता वाढवण्याची परवानगी थांबवावी. क्षमता वाढली की कारखान्याला ऊस लागतो, आणि तो मिळवायला तोच कारखाना शेतकऱ्याला लागणीसाठी बेणे आणि खत उधारीवर देतो. मर्यादा शेतकऱ्यावर घालायच्या आधी कारखान्यावर घालणे हेच न्यायाचे आहे. लहान शेतकऱ्याचा पहिला एकर मर्यादेबाहेर ठेवावा. कात्री मोठ्या क्षेत्राला आधी लागावी. लघु वितरिकांच्या (कालव्याच्या लहान फाट्यांच्या) तोंडाशी पाणी मोजण्याची साधने दुरुस्त करून २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याप्रमाणे पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी द्यावे, म्हणजे वाचवलेले पाणी त्यांच्याच नावावर राहील. अशा गटांना ठिबकसाठी सामायिक साठवण तळे आणि दिवसाची वीज दिली, तर २०१७ चा निर्णय कागदावरून रानात उतरेल.

आणि ज्याने ऊस लावला नाही त्याला त्याच वर्षी काहीतरी मिळायला हवे. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे. मोहोळच्या केंद्रातून निघालेली मालदांडी ज्वारी आजही राज्यभर पिकते. जुलैमध्ये दहा बाय दहा मीटरचे कप्पे करून पावसाचे पाणी रानातच जिरवायचे, सप्टेंबरच्या मध्यापासून पेरणी, तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या आणि आठव्यात दातेरी कोळप्याने कोळपणी, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल टिकते: हे तंत्र सिद्ध आहे. पण कोळपणीला बैल आणि माणूस लागतो, त्याचा खर्च ज्वारीच्या भावातून निघत नाही, म्हणून रान उसाकडे जाते. ज्वारी, तूर, करडई, हरभऱ्याची खरेदी केंद्रे काढणीच्या आधी उघडावीत, रेशनवर आणि शाळेच्या पोषण आहारात जिल्ह्याची ज्वारी घ्यावी, आणि ऊस न लावणाऱ्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला दोन संरक्षित पाळ्यांची लेखी हमी द्यावी. दुष्काळात छावणीला चारा लागतो तेव्हा कडब्याची किंमत सगळ्यांना कळते. तो कडबा याच रानातून येतो.

हे राजकीयदृष्ट्या अशक्य आहे, असे सांगितले जाते. कारखान्यांच्या संचालक मंडळावर, जिल्हा बँकेत आणि कालवा सल्लागार समितीत तीच माणसे किंवा त्यांचेच गट बसतात, हे सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. म्हणूनच मागणी आवर्तनाची न करता कागदांची करावी लागेल. १५ ऑक्टोबरचा साठा, पिण्याचे आरक्षण, राखीव शिल्लक, कारखानानिहाय ऊस नोंद आणि प्रत्येक वितरिकेला सोडलेले घनमीटर हे पाच आकडे १ नोव्हेंबरपूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीत लागले पाहिजेत. ते लागले नाहीत तर पाणीवापर संस्थांनी आणि ग्रामसभांनी ठराव करून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे तक्रार करावी. अर्धन्यायिक अधिकार असलेले हे प्राधिकरण त्यासाठीच स्थापन झाले आहे. त्यासाठी मायनसची वाट पाहायची नाही. ज्या वर्षी धरण भरलेले असेल, कालव्यातून पाणी वाहत असेल आणि कोणाला आंदोलन करावेसे वाटत नसेल, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हा अर्ज दाखल व्हायला हवा.